महिन्याला झिजणारी नोट : १९३२ सालचं व्योर्गल आणि तिथली नगरपालिका

(दृश्य : आल्प्सच्या पायथ्याची दरी, मधून वाहणारी इन नदी, रुळांचं जाळं.)

ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात, इन नदीच्या काठी व्योर्गल नावाचं गाव आहे. इन्सब्रुकहून जर्मनीकडे जाणारा लोहमार्ग आणि झाल्त्सबुर्गकडून डोंगरांतून येणारा लोहमार्ग इथे एकत्र येतात. १९३२ साली या गावाची वस्ती चार हजारांच्या थोडी वर होती. पोटापाण्याची साधनं मोजकीच : रेल्वे, सेल्युलोजचा कारखाना, जवळचं सिमेंटचं काम, आणि या पगारांवर चालणारी दुकानं.

त्या वर्षी गावच्या नगरपालिकेच्या वहीत दोन आकडे होते. एक, करांची थकबाकी : १ लाख १८ हजार शिलिंग (शिलिंग हे ऑस्ट्रियाचं तेव्हाचं चलन). दुसरा, इन्सब्रुकच्या बचत बँकेचं देणं : सुमारे १३ लाख शिलिंग. या देण्याचं व्याजसुद्धा भरता येत नव्हतं. रस्ते उखडले होते, गटारांची कामं अडली होती, अनेक गल्ल्यांत दिव्यांची सोय नव्हती. आणि हे सगळं दुरुस्त करू शकणारे गवंडी, सुतार, मजूर त्याच रस्त्यांवर काम शोधत हिंडत होते.

ही गोष्ट त्या गावच्या नगरपालिकेची आहे. जगभर ती ‘जादूच्या पैशाची गोष्ट’ म्हणून सांगितली जाते. आपण ती गटारं, दिवे आणि घरपट्टी यांच्या बाजूने पाहणार आहोत, कारण गावाने सुरुवात तिथूनच केली होती.

(दृश्य : व्हिएन्नातल्या बँकेच्या इमारतीचं जुनं छायाचित्र.)

मंदी अमेरिकेत १९२९ च्या शेअर बाजारातल्या पडझडीने सुरू झाली. मध्य युरोपला तिचा खरा दणका बसला तो मे १९३१ मध्ये. क्रेडिटानश्टाल्ट ही ऑस्ट्रियाची सर्वांत मोठी बँक कोसळली. तिच्या पैशावर देशातले कितीतरी कारखाने उभे होते. कर्ज मिळेना, ठेवी निघेनात, ज्याच्या हातात रोकड होती तो ती सोडेना. १९३३ मध्ये ऑस्ट्रियातल्या बेकारांची संख्या साडेपाच लाखांच्या पुढे गेली. देशाची एकूण लोकसंख्या तेव्हा ६७ लाखांच्या आसपास होती.

व्योर्गलमध्ये हे असं दिसलं. रेल्वेत १९३० साली ३१० माणसं होती, १९३३ पर्यंत १९० उरली. सेल्युलोजच्या कारखान्यात चारशेच्या आसपास कामगार होते, तिथे बोटांवर मोजण्याइतके राहिले. सिमेंटचं काम जवळजवळ थांबलं. गावात चारशेच्या आसपास बेकार, आणि आजूबाजूची गावं धरली तर दीड हजार. बेकारभत्त्याला ठरावीक मुदत होती. ती संपली की माणूस सरकारी यादीतून बाहेर पडायचा आणि गावाच्या मदतीवर यायचा. म्हणजे ज्या नगरपालिकेकडे येणारा कर आटला होता, तिच्याच दारात उपाशी माणसांची रांग वाढत होती.

इथे नगरपालिकेची कोंडी नीट समजून घेऊ या. देशाचं सरकार तुटीचा अर्थसंकल्प मांडू शकतं, मध्यवर्ती बँक नोटा छापू शकते. गावाला यातलं काहीच करता येत नाही. त्याचं उत्पन्न म्हणजे गावकऱ्यांनी भरलेले कर. दुकानदाराकडे गिऱ्हाईक नाही म्हणून तो कर भरत नाही. कर नाही म्हणून पालिका काम काढत नाही. काम नाही म्हणून मजुराच्या हातात पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून दुकानदाराकडे गिऱ्हाईक नाही. मागे पडलेली डागडुजी दर हिवाळ्यात महाग होत जाते. बर्फ आणि पाणी रस्त्याच्या भेगांत शिरतं, गोठतं, फुगतं, आणि वसंतात तिथे खड्डा उरतो.

(दृश्य : मिशा राखलेल्या, साध्या कोटातल्या माणसाचं छायाचित्र.)

या गावचे नगराध्यक्ष होते मिखाएल उंटरगुगेनबर्गर. जन्म १८८४, शेजारच्या होप्फगार्टनचा. घर गरीब. मेकॅनिकचं काम शिकले, रेल्वेत लागले, कामगार संघटनेत वाढले. सोशल डेमोक्रॅट पक्षाचे कार्यकर्ते. १९३१ च्या अखेरीस ते नगराध्यक्ष झाले, म्हणजे वाईटाहून वाईट वेळी.

रेल्वेतल्या या माणसाला वाचनाचा नाद होता. सिल्व्हिओ गेझेल या जर्मन व्यापाऱ्याचे विचार त्यांनी मनापासून अभ्यासले होते. गेझेलचं म्हणणं थोडक्यात असं : धान्य कुजतं, लोखंड गंजतं, कपडा विरतो, पण पैसा तसाच राहतो. त्यामुळे पैसेवाला थांबू शकतो आणि माल किंवा श्रम विकणारा थांबू शकत नाही. तेव्हा पैशालाही झीज लावा, म्हणजे तो कुणी दाबून ठेवणार नाही.

हा विचार नुसता कागदावर नव्हता. बव्हेरियातल्या श्वानेनकिर्खेन या खेड्यात बंद पडलेली कोळशाची खाण तिच्या मालकाने अशाच झिजणाऱ्या चलनावर पुन्हा सुरू केली होती. खाणकामगारांना पगार त्या चलनात, आणि तेच चलन घेणारी दुकानं. १९३१ च्या शरदात जर्मन सरकारने त्यावर बंदी घातली. उंटरगुगेनबर्गर यांना हे माहीत होतं. म्हणजे काम होऊ शकतं हे माहीत होतं, आणि वरून आदेश येऊ शकतो हेही.

म्हणून त्यांनी घाई केली नाही. आधी माणसं गाठली : दुकानदार, कामगार, डॉक्टर, वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य. घरोघर, माणसागणिक बोलणी झाली. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग फार मोलाचा वाटतो. तिरोल हा कट्टर कॅथलिक प्रांत, आणि देशात समाजवादी आणि ख्रिश्चन सोशल पक्षांमध्ये इतकं वैर होतं की दोन्हीकडच्या सशस्त्र संघटना रस्त्यावर होत्या. अशा काळात समाजवादी नगराध्यक्षाचा इतका वेगळा प्रस्ताव जुलै १९३२ मध्ये व्योर्गलच्या सभेत मंजूर झाला, आणि त्याला इतर पक्षांचीही साथ मिळाली.

(दृश्य : नोटेची दोन्ही अंगं. बारा महिन्यांचे बारा रकाने.)

प्रस्ताव असा होता.

गावाने ‘श्रमाची प्रमाणपत्रं’ छापायची. १, ५ आणि १० शिलिंगच्या नोटा, प्रत्येकी दोन हजार. एकूण किंमत ३२ हजार शिलिंग. चलन छापण्याचा हक्क फक्त ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय बँकेला होता, म्हणून यांना चलन म्हणायचं नाही. केलेल्या कामाची पावती म्हणायचं. जेवढ्या नोटा बाहेर जातील तेवढे खरे शिलिंग गावातल्या राइफआयझन पतपेढीत तारण म्हणून ठेवायचे. पतपेढीने तो पैसा भरवशाच्या व्यापाऱ्यांना कर्जाऊ द्यायचा आणि त्याचं व्याज पालिकेला मिळायचं.

नोटेवर बारा रकाने. दर महिन्याला नोटेच्या किमतीच्या १ टक्का किमतीचं तिकीट विकत घेऊन रकान्यात चिकटवायचं, नाहीतर नोट पूर्ण किमतीला चालणार नाही. १० शिलिंगच्या नोटेला १० ग्रोशनचं तिकीट, म्हणजे शिलिंगचा दहावा भाग. महिनाअखेरीला नोट ज्याच्या हातात असेल त्याने हा भार सोसायचा. तिकिटांचा पैसा गावाच्या मदतनिधीत. कुणाला नोट देऊन खरे शिलिंग हवे असतील तर मिळतील, पण २ टक्के कापून.

नोटेच्या मागे गावकऱ्यांसाठी एक निवेदन छापलं होतं. त्याचा आशय असा की पैसा संथ फिरतो म्हणून लाखो माणसं बेकार झाली आहेत, आणि ही नोट काम देते, भाकरी देते.

३१ जुलै १९३२. पालिकेने पहिल्या नोटा घेतल्या आणि कामावर लावलेल्या माणसांची मजुरी दिली.

आता एक नोट हाती घेऊन तिच्यामागून जाऊ या. मजुराने ती बेकरीत दिली. बेकरीवाल्याने पिठाच्या दुकानात, पीठवाल्याने चांभाराकडे. गावात ती सगळीकडे चालते. पण इन्सब्रुकच्या घाऊक व्यापाऱ्याला ती नको. पोस्ट आणि रेल्वेही ती घेत नाहीत, कारण त्या केंद्राच्या कचेऱ्या. महिना संपत आला. ज्याच्या हातात नोट आहे त्याच्यापुढे तीन वाटा. तिकीट लावून ठेवायची, तर १ टक्का गेला. शिलिंग घ्यायचे, तर २ टक्के गेले. नाहीतर पालिकेत जाऊन जुना कर भरायचा. तिथे नोट पूर्ण किमतीला घेतात, आणि डोक्यावरची थकबाकी तेवढी कमी होते.

लोक पालिकेत गेले. पहिल्याच नोटा काही दिवसांत थकबाकीच्या रूपाने परत आल्या. त्याच नोटांतून पालिकेने पुढच्या आठवड्याची मजुरी दिली. वर्षानुवर्षं न भरलेला कर लोक स्वतः येऊन भरू लागले. काहींनी तर पुढचा करही आधीच भरला, कारण नोट घरात झिजण्यापेक्षा पालिकेत जमा झालेली बरी. पालिकेच्या नोकरांच्या पगाराचा मोठा भागही याच नोटांत दिला जाऊ लागला, त्यामुळे हा व्यवहार फक्त मजुरांच्या गळ्यात बांधलेला राहिला नाही.

(दृश्य : खणलेला रस्ता, फावडी, पुलाचा सांगाडा.)

या पैशातून काय झालं? रस्ते दुरुस्त झाले, मुख्य रस्त्यावर डांबर पडलं. गटारांचं काम पुढे सरकलं. पथदिव्यांची ओळ नव्या गल्ल्यांत गेली. व्योर्गलच्या ओढ्यावर काँक्रीटचा पूल उभा राहिला आणि तो १९३३ साली या पैशातून बांधल्याचं त्यावर लिहिलं गेलं. स्की-उडीचा उतार तयार झाला. कुणाला तो चैनीचा वाटेल, पण तिरोलमधलं गाव हिवाळ्यात पाहुण्यांवर जगू पाहतं. त्यांच्या हिशेबात तोही कमाईचाच रस्ता होता.

ही कामं निवडताना एक गोष्ट सांभाळली होती. त्यांत मजुरी जास्त आणि बाहेरून आणायचं सामान कमी. खणणं, खडी फोडणं, भराव घालणं, चर काढणं. सामानाचा पैसा गावाबाहेर जातो आणि तो शिलिंगमध्येच मोजावा लागतो. मजुरीचा पैसा गावातच राहतो. आज आपल्या एखाद्या छोट्या नगरपालिकेत अंदाजपत्रक मांडताना कोणत्या कामाचा किती पैसा गावात राहणार, असा रकाना कुठे दिसत नाही. तो असावा असं मला कळकळीने वाटतं.

(दृश्य : हिशेबाची वही. पानांवर सावकाश फिरणारा कॅमेरा.)

आता जरा थांबून हिशेब तपासू या. या गोष्टीवर प्रेम करणाऱ्यांनी ती पुष्कळ फुगवली आहे.

नोट किती वेळा हातोहात फिरली, त्यातून किती लाखांचा माल विकला गेला, याचे मोठमोठे आकडे सांगितले जातात. बेकरीतल्या आणि चांभाराकडच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद कुणी ठेवलेली नव्हती. तेव्हा ते आकडे सोडून देऊ. पालिकेच्या खिडकीवर जे आलं आणि गेलं त्याचा मात्र हिशेब होता. त्यावरून दिसतं की ३२ हजारांच्या नोटा छापल्या तरी एका वेळी बाजारात सरासरी साडेपाच हजार शिलिंगच्याच नोटा होत्या. माणशी सव्वा शिलिंगच्या आसपास.

त्यावर वर्षाला १२ टक्के तिकिटांचं उत्पन्न काढलं तर साडेसहाशे शिलिंग होतात. १३ लाखांच्या कर्जापुढे हे काहीच नाही. म्हणजे तिकिटांच्या पैशाने गाव तरलं नाही. गाव तरलं ते थकलेला कर वसूल झाल्याने. जो कर कागदावर होता आणि हातात येत नव्हता, त्याचं रूपांतर खणलेल्या चरांत आणि ओतलेल्या काँक्रीटमध्ये झालं. झिजणाऱ्या नोटेने लोकांना उठवून पालिकेच्या खिडकीपर्यंत आणलं. पण खिडकीपलीकडे कामांची यादी तयार नसती, त्या यादीवर सर्व पक्षांची संमती नसती, आणि आलेली नोट त्याच आठवड्यात पुन्हा मजुरीत घालणारा कारकून नसता, तर ती नोट एक फेरी करून तिजोरीत पडून राहिली असती.

आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. प्रत्येक नोटेमागे खरे शिलिंग ठेवलेलेच होते, तर मग ते शिलिंगच मजुरांना का दिले नाहीत? कारण शिलिंग गावात थांबलेच नसते. काही इन्सब्रुकला गेले असते, काही कुणाच्या पेटीत. ही नोट पाच-सात किलोमीटरच्या पलीकडे निरुपयोगी होती. तोच तिचा दोष आणि तेच तिचं बळ.

थकबाकीची जुनी विहीर कधीतरी आटणारच होती. लोकांनी पुढचा करही आधी भरून टाकला, की पुढच्या वर्षी काय? ही योजना तीन-चार वर्षं चालली असती तर या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं. ते मिळू दिलं गेलं नाही.

(दृश्य : रेल्वेतून उतरणारे पाहुणे. वर्तमानपत्रांची कात्रणं.)

गावाचं नाव पसरलं. शेजारच्या किर्खबिखलने १९३३ च्या सुरुवातीला तशीच योजना स्वीकारली. आसपासच्या आणखी गावांनी तयारी दाखवली. पत्रकार आले, अर्थतज्ज्ञ आले, फ्रान्सचे नेते एदुआर दलादिए येऊन गेले. अमेरिकेत येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी या प्रयोगाचा पाठपुरावा केला आणि आपल्या देशात तो सुचवला.

अमेरिकेत अशी छोटी गावं होतीच. आयोवा राज्यातल्या हॉवर्डन या गावाने १९३२ च्या शरदात तिकिटांची नोट काढली आणि त्यातून गावातल्या कामांची मजुरी दिली. फरक इतकाच की तिथे तिकीट महिन्याला लावायचं नव्हतं, प्रत्येक व्यवहाराला लावायचं होतं. हा फरक लहान नाही. महिन्याचं तिकीट पैसा दाबून ठेवणाऱ्याला भरावं लागतं, व्यवहाराचं तिकीट पैसा खर्च करणाऱ्याला. फेब्रुवारी १९३३ मध्ये सिनेटर बँकहेड यांनी देशभरासाठी एक अब्ज डॉलरच्या तिकिटनोटांचं विधेयक मांडलं. ते पुढे गेलं नाही. रूझवेल्ट सरकारने वेगळी वाट धरली. केंद्राने स्वतः कर्ज काढायचं आणि गावांना कामांसाठी अनुदान द्यायचं. १९३५ पासून आठ वर्षं चाललेल्या रोजगार योजनेत ८५ लाख माणसांनी काम केलं. अमेरिकेतल्या कितीतरी गावांचे पदपथ, जलवाहिन्या आणि मलवाहिन्या त्या योजनेतल्या आहेत.

व्योर्गलच्या पाठीशी असं केंद्र सरकार नव्हतं. ऑस्ट्रियाची राष्ट्रीय बँक नाण्याची किंमत राखण्यात गुंतली होती. दहा वर्षांपूर्वी देशाने भयंकर महागाई पाहिली होती, लोकांच्या आयुष्याची बचत कागद झाली होती. बँकेची भीती खोटी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. गावोगावी आपापल्या नोटा निघाल्या तर उद्या त्यांना आवरणार कोण? पण व्योर्गलने तारण ठेवलं होतं, छपाईला मर्यादा घातली होती, हिशेब उघडा ठेवला होता. या गोष्टी तपासून, नियम घालून, प्रयोग चालू देता आला असता. तसं झालं नाही.

(दृश्य : सरकारी शिक्क्याचा कागद.)

जानेवारी १९३३ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी नोटा थांबवण्याचा आदेश काढला. गावाने दाद मागितली आणि काम चालू ठेवलं. जूनमध्ये उंटरगुगेनबर्गर व्हिएन्नात १७० नगराध्यक्षांपुढे बोलले. त्यांच्यापैकी अनेकांना ही योजना आपल्या गावात हवी होती. बंदी आणखी कडक होण्यामागे मला ही सभा दिसते. एका गावाने केलेला अपवाद खपवून घेता येतो, दोनशे गावांनी तेच केलं तर ती व्यवस्था होते.

१५ सप्टेंबर १९३३ ला नोटा बंद झाल्या. त्या बंद होताना कुणाचं नुकसान झालं नाही, तारण जागेवर होतं. १८ नोव्हेंबरला प्रशासकीय न्यायालयाने गावाचं अपील फेटाळलं. मुद्दा एकच होता : नोटा काढण्याचा हक्क राष्ट्रीय बँकेचा आहे. रस्ता झाला की नाही, माणसांना काम मिळालं की नाही, हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हता. कामांचा वेग पडला आणि बेकारी परतली.

तोवर देशच बदलत होता. मार्च १९३३ मध्ये चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, डोलफुस यांनी संसद बंद पाडली होती. फेब्रुवारी १९३४ मध्ये यादवी पेटली, व्हिएन्नात कामगारांच्या वसाहतींवर तोफा चालल्या, तिरोलमध्ये व्योर्गललाही चकमक झाली. सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी आली, त्याच्या सगळ्या निवडून आलेल्या सदस्यांची पदं रद्द झाली. उंटरगुगेनबर्गर यांचं नगराध्यक्षपद गेलं. डिसेंबर १९३६ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, ते वारले.

आज व्योर्गलमध्ये त्यांच्या नावाची संस्था आहे. ती जुनी कागदपत्रं जपते आणि स्थानिक चलनांवर काम करते. तिथे येणारे बहुतेक जण नोट पाहायला येतात. मी त्यांना जुलै १९३२ चा ठराव पाहायला सांगेन. ज्या सभेत समाजवादी नगराध्यक्षाच्या प्रस्तावाला दुसऱ्या पक्षांनी गावातल्या कामांसाठी साथ दिली, ती सभा अवघ्या दीड वर्षात मोडली गेली, आणि ऑस्ट्रियात पुन्हा मोकळेपणाने निवडलेल्या नगरपालिका बसायला महायुद्ध संपावं लागलं.